खिडकी नंबर तीन
काउंटरवरचा माणूस काय बोलतो ते आम्ही ऐकत नाही. 'पासबुक', 'ड्राफ्ट' एवढा शब्द पकडायचा नि खिडकी दाखवायची! ही विद्या आम्हा कारकुनांचीच, असा माझा समज होता. पण १९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी गप्पा मारणारा 'एलायझा' प्रोग्राम जाहीर केला, तोही याच घराण्यातला. कोणत्या शब्दाला कोणते उत्तर, ही यादी मूळ प्रोग्रामपासून वेगळी. शब्दांना मानपानाप्रमाणे क्रम. ओळखीचा शब्द नसला की 'बरं, पुढे बोला.' कळत काहीच नव्हते. तरी तिच्याशी बोलताना सेक्रेटरीबाईंनी खुद्द वायझेनबामसाहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! साहेब अस्वस्थ झाले.

परवा एक आजी म्हणाल्या, "मुलगा गेला हो, त्याचं पासबुक..." मी म्हणालो, "खिडकी नंबर तीन."

एलायझा निदान 'पुढे बोला' तरी म्हणाली असती.