भूशिरांचा रस्ता : मिलान–सान रेमो शर्यतीची घडण

इटलीच्या वायव्येस लिगुरिया नावाचा चिंचोळा किनारी प्रांत आहे. तेथे आल्प्स आणि अपेनाइन या पर्वतरांगा समुद्राला इतक्या लगटून उतरतात की सपाट जमिनीची पट्टी क्वचितच मिळते आणि डोंगरांच्या सोंडा थेट पाण्यात घुसून एकामागून एक भूशिरे तयार होतात. दर वर्षी मार्च महिन्यात याच किनाऱ्यावरून धावणारी मिलान–सान रेमो ही सुमारे 290 ते 300 किलोमीटरची सायकल शर्यत व्यावसायिक सायकलिंगमधील सर्वांत लांब एकदिवसीय शर्यत आहे. तिचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु ती ज्याच्यावर धावते त्या रस्त्याची घडण पाहिल्याखेरीज ती आज आहे तशी का झाली, याचा उलगडा होत नाही.

या किनाऱ्यावरून खुष्कीचा मार्ग काढणे हे मुळातच कष्टाचे काम होते. सम्राट ऑगस्टसच्या काळात, इ. स. पू. 13 मध्ये, पो नदीच्या खोऱ्यातून निघून लिगुरियामार्गे आजच्या नीस शहराजवळील व्हार नदीपर्यंत जाणारा व्हिया जुलिया ऑगस्टा हा रस्ता रोमनांनी बांधला. मात्र रोमन सत्ता ओसरल्यावर तो खचत गेला आणि पुढील कित्येक शतके येथील माणसे व माल एकतर शिडाच्या होड्यांतून किंवा खेचरांच्या पायवाटांनी हिंडत राहिले. गाडी जाईल असा अखंड किनारी रस्ता करण्याचे काम नेपोलियनच्या राजवटीत हाती घेतले गेले आणि 1815 मध्ये लिगुरिया सार्डिनियाच्या राज्यास जोडला गेल्यानंतर ते पुढे चालू राहिले. विसाव्या शतकात या रस्त्याला आउरेलिया हे प्राचीन रोमन महामार्गाचे नाव मिळाले आणि त्याच नावाने तो आज ओळखला जातो.

1872 मध्ये जेनोआ–व्हेंतिमिल्या हा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि किनाऱ्याचे अर्थकारण पालटले. उत्तर युरोपातील श्रीमंत मंडळी सौम्य हिवाळ्यासाठी सान रेमोत येऊ लागली. रशियाची सम्राज्ञी मारिया अलेक्सान्द्रोव्हना हिने 1874–75 चा हिवाळा येथे काढला आणि आल्फ्रेड नोबेल यांचे 1896 मध्ये येथेच निधन झाले. 1905 मध्ये कॅसिनो उभा राहिल्यावर शहराची ओळख करमणुकीचे ठिकाण म्हणून पक्की झाली आणि शहराचे नाव दूरवर पोचवील असा सोहळा स्थानिक मंडळी शोधू लागली. 1906 मध्ये मिलानहून सान रेमोपर्यंत मोटारींची शर्यत घेण्यात आली, पण त्या काळच्या रस्त्यांपुढे बहुतेक मोटारी टिकल्या नाहीत. त्यानंतर ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या मिलानच्या क्रीडापत्राने त्याच मार्गावर सायकल शर्यत घेण्याची जबाबदारी उचलली. मोटार जेथे हरली तेथे सायकल पोचेल, यावर विश्वास ठेवणे त्या वेळी लहानसहान धाडस नव्हते.

14 एप्रिल 1907 रोजी 33 स्वार मिलानहून निघाले आणि त्यांपैकी 14 जण सान रेमोला पोचले. फ्रान्सच्या ल्युसियाँ पेती-ब्रताँने सुमारे 288 किलोमीटरचे हे अंतर अकरा तासांहून थोड्या अधिक वेळात, म्हणजे ताशी साधारण 26 किलोमीटर वेगाने तोडले. या मार्गाचे दोन भाग पडतात. मिलानपासून पो नदीचे सपाट खोरे ओलांडून अपेनाइनच्या पायथ्याशी येईपर्यंतचा पहिला भाग मार्चमध्ये अजून थंड व धुक्याचा असतो. त्यानंतर 532 मीटर उंचीवरील तुर्किनो खिंडीतील बोगदा लागतो आणि तो ओलांडताच स्वार समुद्राच्या उबदार हवेत उतरतात. इटालियन लोक या शर्यतीला ‘वसंत’ या अर्थाच्या ‘प्रिमाव्हेरा’ या नावाने ओळखतात.

तुर्किनो दर वेळी वसंताकडेच नेतो असे मात्र नाही. 3 एप्रिल 1910 रोजी खिंडीत बर्फाचे वादळ झाले आणि रस्ता हिमाखाली गेला. फ्रान्सचा ओझेन क्रिस्तोफ गारठून हात-पाय चालेनासे होऊन थांबला असता एका स्थानिक माणसाने त्याला घरात नेऊन ऊब दिली. थोड्या वेळाने तो पुन्हा सायकलवर बसला, पुढे गेलेल्यांना त्याने गाठले आणि 12 तास 24 मिनिटांनी एकटाच सान रेमोत शिरला. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या लुइजी गान्ना याला वाटेत मोटारीची मदत घेतल्याबद्दल बाद करण्यात आले. अंतिम यादीत उरले अवघे चार जण. क्रिस्तोफला त्यानंतर महिनाभर रुग्णालयात राहावे लागले. रस्ता किती अवघड असू शकतो याची जी कल्पना या शर्यतीभोवती रुजली, तिची मुळे या एका दिवसात आहेत.

पहिल्या काही दशकांत निकाल प्रामुख्याने तुर्किनोवर आणि त्यानंतर येणाऱ्या ‘कापी’वर, म्हणजे मेले, चेर्व्हो व बेर्ता या तीन भूशिरांवरील आखूड चढांवर, ठरत असे. 1946 मध्ये, युद्धाने दोन वर्षे खंडित झालेली शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा, फाउस्तो कोप्पीने तुर्किनोवर शेवटच्या साथीदारालाही मागे टाकले आणि उरलेले दीडशेच्या आसपास किलोमीटर एकट्याने कापून चौदा मिनिटांच्या अंतराने विजय मिळवला. परंतु तोपर्यंत रस्त्याचे डांबरीकरण झाले होते, धावताना साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी गिअर यंत्रणा सर्रास वापरात आली होती, आणि खडी-धुळीच्या रस्त्यावर जे चढ स्वारांना विखरून टाकत ते आता संपूर्ण घोळका एकत्रच चढून जाऊ लागला. घोळक्यात मागे राहणाऱ्याला पुढच्याचा आडोसा मिळून बरेच कमी बळ लागते. साहजिकच शर्यती सान रेमोच्या रस्त्यावरील सामूहिक धडकेत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, संपू लागल्या आणि इटालियन विजेते दुर्मीळ झाले.

1953 मध्ये लोरेत्तो पेत्रुच्ची जिंकल्यानंतर इटलीची पाटी कोरीच राहिली, तेव्हा आयोजक विन्चेन्झो तोरियानी यांनी 1960 मध्ये सान रेमोच्या उंबरठ्यावरील पोज्जो या टेकडीचा चढ मार्गात आणला. या टेकडीवरील रस्ता शर्यतीसाठी बांधलेला नव्हता. गडगे घालून पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेल्या शेतांमधून तो वर पोज्जो गावाकडे वळणे घेत जात होता. या उतारांवर पूर्वी लिंबू व ऑलिव्ह होत. रेल्वेमुळे ताजा माल एका रात्रीत दूरच्या शहरांत पोचू लागल्यावर तेथे कार्नेशन आणि गुलाबांची काचघरे उभी राहिली आणि हा किनारा ‘फुलांची रिव्हिएरा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कथाकार इटालो काल्व्हिनो यांचे वडील मारिओ हे कृषिशास्त्रज्ञ होते आणि सान रेमोतील पुष्पसंशोधन केंद्र त्यांनीच चालवले. शर्यतीचा सर्वांत निर्णायक चढ अशा रीतीने फूलशेतीच्या वाटेने आला.

हा चढ जेमतेम 3.7 किलोमीटरचा आहे आणि त्याची सरासरी चढण चार टक्क्यांहूनही कमी आहे; ताजातवाना हौशी सायकलस्वारही तो सहज चढेल. पण माथ्यापासून अंतिम रेषा केवळ साडेपाच किलोमीटरवर असते आणि पायांत 280 हून अधिक किलोमीटर साठलेले असतात, म्हणून तो चढ लहान असूनही निकाल त्याच्याच हाती जातो. तोरियानींना अपेक्षित इटालियन विजेता मात्र लगेच मिळाला नाही. 1960 मध्ये फ्रान्सचा रेने प्रिव्हा जिंकला, त्यानंतर फ्रेंच, बेल्जियन, इंग्लिश आणि डच स्वारांनी बाजी मारली, आणि मिकेले दान्चेल्लीने 1970 मध्ये एकट्याने पुढे निसटून हा सतरा वर्षांचा खंड मोडला. त्याच काळात बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1966 ते 1976 या अवधीत सात वेळा ही शर्यत जिंकली आणि कोस्तान्ते जिरार्देंगोचा सहा विजयांचा विक्रम मागे टाकला.

1982 मध्ये पोज्जोच्या आधी चिप्रेसा हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा चढ जोडण्यात आला, तोही ऑलिव्हच्या बागांतून डोंगरावरील गावाकडे जाणारा रस्ताच होता. पोज्जोचा उतार हा मात्र वेगळ्या विचाराचा विषय आहे, कारण तेथे बळापेक्षा कौशल्य व निधडेपणा मोजला जातो. 1992 मध्ये शॉन केलीने त्या वळणांवर मोरेनो आर्जेन्तिनला गाठून शेवटी हरवले, तर 2022 मध्ये माते मोहोरिचने माउंटन बाइकवर वापरली जाणारी, चालत्या सायकलवर खाली करता येणारी बैठक बसवून उतारावरच विजय निश्चित केला.

रस्ता आणि शर्यत यांचे नाते अधूनमधून ताणलेही जाते. 2013 मध्ये तुर्किनोवर हिमवृष्टी झाल्याने स्वारांना बसमधून खिंडीपलीकडे नेण्यात आले. 2020 मध्ये महामारीमुळे शर्यत ऑगस्टमध्ये, पर्यटकांच्या ऐन हंगामात घ्यावी लागली, तेव्हा किनाऱ्यावरील अनेक गावांच्या महापौरांनी वाट नाकारली आणि मार्ग डोंगरांआडून वळवून इम्पेरियाजवळ समुद्राला आणावा लागला.

दरम्यान 1872 च्या रेल्वेनेच किनाऱ्याला आणखी एक वाट दिली. सान लोरेन्झो आणि ओस्पेदालेत्ती यांमधील एकेरी रूळमार्ग 2001 मध्ये डोंगराच्या आत नव्या बोगद्यांत हलवण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जुन्या मार्गावर, चिप्रेसा व पोज्जो यांच्या पायथ्याने समुद्राकाठून जाणारा सुमारे 24 किलोमीटरचा सायकलमार्ग तयार झाला. ज्या गावांना रुळांनी समुद्रापासून तोडले होते त्यांना तो पुन्हा जोडतो आणि जवळजवळ सपाट असल्याने लहान मुलेही त्यावरून सायकल चालवतात. 2016 मध्ये अंदोरापर्यंतचा पुढचा रूळमार्गही आत गेला, आणि त्यामुळे कापो बेर्ताच्या बाजूची जुनी रेल्वेजमीनही अशा वापरासाठी मोकळी झाली.