नेम किती लांबचा? दोनशे वीस यार्डांच्या कायद्याची गोष्ट

आजचा विषय आहे तिरंदाजी.

अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. द्रोणाचार्य विचारतात, काय दिसतंय? कुणाला झाड दिसतं, कुणाला फांद्या दिसतात, अर्जुनाला फक्त डोळा दिसतो. एकाग्रतेची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो आणि पुढे जातो. पण एक प्रश्न आपण कधीच विचारत नाही. ते झाड किती लांब होतं?

तिरंदाजाला विचारा, तो हाच प्रश्न आधी विचारेल. दहा पावलांवरचा नेम आणि दोनशे पावलांवरचा नेम, दोन्हींना आपण नेमच म्हणतो, पण त्यांचा सराव वेगळा असतो. आणि हे एका देशाला इतकं पटलं होतं, की कुणी किती अंतरावर सराव करायचा याचा त्यांनी चक्क कायदा केला. तो देश म्हणजे इंग्लंड.

फुटबॉल बंद, धनुष्य उचला

१३४६ साली क्रेसीच्या लढाईत इंग्लंडने फ्रान्सच्या मोठ्या सैन्याला हरवलं. त्या विजयात मोठा वाटा होता लाँगबोचा. लाँगबो म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, बहुतेकदा यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य. दिसायला अगदी साधं. पण ते चालवणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांत तयार होत नाही. त्याला वर्षं लागतात.

मग राजाने काय करावं? १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढलं: सणासुदीच्या आणि सुट्टीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी धनुष्यबाणाचा सराव करायचा. फुटबॉल, हँडबॉल, कोंबड्यांच्या झुंजी, सगळं बंद! म्हणजे सुट्टीचा दिवस मॅचसाठी नाही, प्रॅक्टिससाठी.

लोकांनी ऐकलं का? थोडंफार. पण असे हुकूम पुढची दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच काय ते समजा. लोक मनापासून करत असते, तर सारखं सांगावं लागलं नसतं.

आठव्या हेन्रीचा कायदा

आता येऊ १५४१ च्या कायद्याकडे. राजा आठवा हेन्री. धनुष्य करणारे, बाण करणारे, दोऱ्या वळणारे, बाणाची टोकं घडवणारे असे सगळे कारागीर तक्रार घेऊन आले होते. लोक पत्ते, फासे, टेनिस असले खेळ खेळतात, तिरंदाजी मागे पडली, आमचा धंदा बसला.

कायद्याने वडिलांवर जबाबदारी टाकली. घरातला मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला एक धनुष्य आणि दोन बाण द्यायचे. सतरा वर्षांचा झाला की एक धनुष्य आणि चार बाण त्याच्याकडे हवेतच. पण खरी गंमत पुढे आहे.

चोवीस वर्षांखालच्या तरुणाने एकाच जागी रोवलेल्या लक्ष्यावर पुन्हा पुन्हा बाण मारायचे नाहीत. प्रत्येक बाणाला लक्ष्य बदलायचं. नाहीतर दर बाणामागे ४ पेन्स दंड.

आणि चोवीसच्या पुढच्या माणसाने सरावाचे हलके बाण घेऊन २२० यार्ड किंवा त्याहून कमी अंतरावरच्या लक्ष्यावर मारायचंच नाही. दंड ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे ८० पेन्स. तेव्हा साध्या सैनिकाला दिवसाला साधारण ६ ते ८ पेन्स मिळायचे. म्हणजे जवळचा एक सोपा नेम मारला, की दहाएक दिवसांचा पगार गेला.

२२० यार्ड म्हणजे सुमारे २०० मीटर. आजच्या ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असतं. त्याच्या जवळजवळ तिप्पट!

जवळचं लक्ष्य एवढं का खटकलं?

कारण जवळचं लक्ष्य फसवतं. थोडं गणित करू, घाबरू नका, एकच ओळ आहे. समजा बाण सोडताना दिशा फक्त एक अंशाने चुकली. १८ मीटरवर बाण साधारण ३१ सेंटीमीटर बाजूला जाईल. ७० मीटरवर सव्वा मीटर. आणि २०० मीटरवर साडेतीन मीटर. चूक तीच, हात तोच. जवळ ती खपून जाते, लांब गेली की उघडी पडते.

दुसरी गोष्ट, लढाईत शत्रू ठरलेल्या अंतरावर पाट ठेवून बसत नाही. तो पुढे येत असतो. आता तो किती लांब आहे, बाण किती वर धरायचा, हे नजरेनेच ठरवायचं. रोज एकाच लक्ष्यावर मारणाऱ्याला त्या एका जागेची सवय होते, अंतर ओळखायची नाही.

म्हणून इंग्लंडमध्ये सरावाचे तीन प्रकार होते. पहिला, गावातला मातीचा उंचवटा. त्याला बट म्हणायचे. अंतर ठरलेलं, लक्ष्य स्थिर. अनेक इंग्लिश गावाशहरांत आजही बट्स नावाचे रस्ते आहेत, ते यावरूनच. दुसरा प्रकार लांबच्या लक्ष्याचा. यात बाण कमान करत वर जातो आणि वरून खाली उतरतो. तिसरा सगळ्यात मजेदार. शेतामाळातून चालत जायचं, दिसेल त्या खुणेवर बाण मारायचा, बाण उचलायला तिथे जायचं, तिथून पुढची खूण. दरवेळी अंतर नवं. तरुणांना कायद्याने लावलेला सराव हाच.

लंडनबाहेर फिन्सबरीच्या मैदानात अशा खुणांचं जाळंच होतं. प्रत्येक खुणेला नाव. १५९४ साली तर एक छोटं पुस्तक निघालं, कुठल्या खुणेपासून कुठली खूण किती यार्ड, याची यादी असलेलं.

शरीर, हाडं आणि वारा

पण लांब मारायचं तर धनुष्य जड हवं, आणि ते ओढायला अंगात ताकद हवी. ती यायची हळूहळू. ह्यू लॅटिमर नावाच्या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १५४९ साली राजासमोर प्रवचनात आपलं लहानपण सांगितलं होतं. त्याचे वडील त्याच्या वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे धनुष्य आणून द्यायचे, वय वाढलं की आणखी मोठं. आणि शिकवायचे काय, तर नुसत्या हाताने ओढू नकोस, सगळं अंग धनुष्यात घाल.

याचा पुरावा समुद्रात सापडला. हेन्रीचं मेरी रोझ हे जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं गेलं. त्यातून १७० हून जास्त लाँगबो आणि हजारो बाण मिळाले. ती धनुष्यं ओढायला १०० ते १८० पौंडांचा जोर लागत असावा असा अंदाज आहे. आजचे ऑलिंपिक खेळाडू साधारण ५० पौंडांच्या आसपासचं धनुष्य वापरतात. जहाजावरच्या काही सांगाड्यांमध्ये खांद्याचं एक हाड, जे तरुणपणी जुळून यायला हवं, ते जुळलेलंच नव्हतं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याची ही खूण असावी, असं अभ्यासकांना वाटतं. आपण म्हणतो ना, सवय अंगवळणी पडली? इथे ती हाडापर्यंत पोचली होती.

ज्या वर्षी मेरी रोझ बुडालं, त्याच वर्षी रॉजर अ‍ॅशमचं टॉक्सोफिलस हे पुस्तक आलं. इंग्रजीतलं तिरंदाजीवरचं पहिलं पुस्तक. त्याने सराव पाच पायऱ्यांत बसवला: उभं राहणं, बाण लावणं, ओढणं, धरून ठेवणं, सोडणं. आजचा कोचही जवळपास हेच शिकवतो. अ‍ॅशमने वाऱ्याचा अभ्यास तर बर्फ बघून केला. घोड्यावरून जाताना त्याला दिसलं, की वाऱ्याने बर्फ एकीकडे पळतंय आणि शेजारीच ते थांबलंय. म्हणजे वारा सगळीकडे सारखा नसतो. वीस मीटरवर हे कळलं नाही तरी चालतं. दोनशेवर नाही चालत.

मग हे संपलं कसं?

बंदुकीने. बंदूकवाला शिपाई कमी दिवसांत तयार होतो, त्याला सातव्या वर्षापासून शिकवावं लागत नाही. १५९५ च्या सुमारास इंग्लंडच्या प्रशिक्षित तुकड्यांमध्ये धनुष्याची जागा बंदुकीने घेतली. कायदा पुस्तकात राहिला, मैदानं रिकामी झाली. एवढं अवघड कौशल्य दंडाच्या भीतीवर किती पिढ्या टिकणार?

आणि आज?

आज तिरंदाजी खेळ आहे आणि अंतर ठरलेलं आहे. रिकर्व्ह धनुष्याला ७० मीटर, कंपाउंडला ५० मीटर, इनडोअरला १८ मीटर. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनी कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. अदिती तेव्हा फक्त सतरा वर्षांची होती, आणि ओजसने फायनलमध्ये १५० पैकी १५० केले! ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटरचं असतं. पंधरा बाण, पंधराही त्यात.

जुना विचार मात्र गेलेला नाही. १४४० नावाच्या राउंडमध्ये पुरुष ९०, ७०, ५० आणि ३० मीटरवर प्रत्येकी ३६ बाण मारतात. आणि फील्ड आर्चरीत तर रानातून चालत जायचं, काही लक्ष्यांचं अंतर खेळाडूला सांगतच नाहीत. हेन्रीच्या तरुणांचा सराव, फक्त दंडाशिवाय!

तुम्ही शिकत असाल तर यातून घ्यायचं काय? प्रत्येक अंतराला त्याचं काम द्या. अगदी जवळून, टार्गेटचा कागद काढून नुसत्या गादीवर बाण मारा. तिथे गुण नाहीत, त्यामुळे लक्ष उभं राहण्यावर आणि सोडण्यावर राहतं. मधल्या अंतरावर बाण एकत्र पडतायत का ते बघा. ते मध्यभागी नसले तरी चालेल, एकत्र हवेत, कारण साइट नंतर सरकवता येते. ते जमलं की थोडं मागे सरका. लांबच्या अंतरावर गेलात की तिथे शिकायला नाही, तपासायला गेलाय असं समजा. बाण विखुरले तर पुन्हा जवळ या आणि कुठली पायरी चुकतेय ते शोधा. आणि धनुष्याचा जोर एकदम वाढवू नका. लॅटिमरच्या वडिलांना हे पाचशे वर्षांपूर्वी माहीत होतं. हे सगळं कोचच्या देखरेखीखाली, ठरलेल्या रेंजवरच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

हेन्रीच्या दंडाचं समर्थन कुणी करणार नाही. पण त्या कायद्यामागची ओळख खरी होती: सोप्या अंतरावर आपल्याला शाबासकी मिळते, आणि शाबासकी मिळाली की आपण तिथेच थांबतो. तेव्हा सराव कुठलाही असो, अधूनमधून स्वतःला विचारा, मी मागे शेवटचा कधी सरकलो होतो?