वलणी ते हीट पंप : कपडे वाळवण्याची गोष्ट

परदेशात घर मांडलेल्या आपल्या मंडळींत काही प्रश्न कधीच जुने होत नाहीत. चांगला हापूस कुठे मिळतो, थंडीत इडलीचं पीठ कसं फुगवायचं, आणि ड्रायर कुठला घ्यायचा? पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्या भगिनी अधिकाराने बोलतील. तिसऱ्यासाठी मात्र थोडं इतिहासात शिरावं लागतं, आणि तो प्रांत माझ्या आवडीचा.

कपडे धुणं हे कष्टाचं काम खरं, पण थंड आणि दमट देशात खरी परीक्षा असते ती कपडे वाळवण्याची. १८३२ साली लिव्हरपूलमध्ये कॉलरा पसरला. तिथे राहणाऱ्या किटी विल्किन्सन या गरीब बाईकडे पाणी उकळण्याचा मोठा हंडा होता. तिने शेजाऱ्यांना आपल्या घरी कपडे-अंथरुणं धुवायला बोलावलं. त्यातूनच पुढे १८४२ मध्ये फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याचं घर उभं राहिलं, आणि त्याची व्यवस्था किटी व तिच्या नवऱ्याकडे आली. १८४६ मध्ये पार्लमेंटने अशा धुण्याच्या घरांसाठी कायदाच केला. तिथे नुसती धुण्याची सोय नसे. गरम हवेच्या कपाटांत सरकत्या दांड्यांवर कपडे टांगून वाळवता येत. एका खोलीत आठ माणसं राहत असतील, तर ओल्या चादरी टांगायच्या कुठे?

घरातली युक्ती त्याहून जुनी. कोकणातल्या आमच्या घरी माजघरात आढ्याला बांबूची दांडी टांगलेली होती. आजी आपलं सोवळ्याचं नऊवारी काठीने तिच्यावर टाकायची, कुणाचा हात लागू नये म्हणून. आषाढात चार-चार दिवस काही वाळायचं नाही. मग शेगडीवर वेताची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर बाळाची दुपटी पसरायची. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या छताला कप्पी आणि दोरीने वर ओढायची लाकडी चौकट असते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आजीची दांडीच आठवली. गरम हवा वर जाते, हे दोन्हीकडच्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

यंत्राची कल्पना फ्रान्समधली. १८०० च्या सुमारास पोशाँ नावाच्या माणसाने भोकं पाडलेल्या धातूच्या पिंपात ओले कपडे घालून ते विस्तवावर हाताने फिरवायची सोय केली. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास यायचा, कधी जळायचेही! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२ मध्ये चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डकोटाच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात बाहेर कपडे टांगायला कंटाळलेल्या जे. रॉस मूर यांनी फिरत्या पिंपाचं यंत्र बनवलं. १९३८ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने ते ‘जून डे’ नावाने बाजारात आणलं. जानेवारीतही जूनसारखं ऊन, असा त्या नावाचा रोख! ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने त्याच्या दाराला काच बसवायला लावली. आत काय गरगर फिरतंय ते दिसल्याशिवाय गिऱ्हाईक घेणार कसं?

ब्रिटनमध्ये ९ मे १९४९ रोजी लंडनच्या क्वीन्सवेवर पहिलं लाँडरेट उघडलं. साठीच्या दशकात इथे आलेल्या आपल्या कितीतरी मंडळींचा रविवार अशाच लाँडरेटच्या बाकावर गेला असेल. ड्रायर हळूहळू घराघरांत आला तो नंतर.

आता आजच्या निवडीकडे वळू. आमच्या लेकीने लीड्सला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चार महिन्यांचं बाळ, जावयांना दमा, आणि बाल्कनीत कपडे वाळत घालायला लीजमध्ये मनाई. रेडिएटरवर कपडे टाकून टाकून खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली. तेव्हा प्रश्न हौसेचा उरला नव्हता, श्वासाचा झाला होता.

दुकानात तीन प्रकार दिसतात. व्हेंटेड ड्रायर दमट गरम हवा नळीने घराबाहेर फेकतो. यंत्र साधं आणि स्वस्त, पण भिंतीला भोक हवं, आणि फ्लॅटमध्ये त्यासाठी मालकाची परवानगी हवी. कंडेन्सर ड्रायर तीच वाफ आत थंड करून तिचं पाणी टाकीत साठवतो. भोक नको, पण बरीचशी उष्णता खोलीत येते. तिसरा हीट पंप. त्याचं काम फ्रीजसारखं. एका बाजूची थंड नळी हवेतली वाफ शोषून तिचं पाणी करते, दुसऱ्या बाजूची गरम नळी तीच हवा पुन्हा तापवते. गंमत म्हणजे ही कल्पना ग्लासगोच्या विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती, इमारती गरम किंवा थंड करण्यासाठी. घरगुती ड्रायरमध्ये ती यायला १९९७ च्या आसपासचा काळ उजाडला.

फरक किती पडतो? आठ किलो कपड्यांत मशीनने पिळल्यावरही साधारण साडेचार लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट वीज लागते. म्हणजे तीन युनिट तर लागणारच, शिवाय जी वाया जाते ती वेगळी. म्हणून जुन्या पद्धतीचे ड्रायर चार-पाच युनिट खातात. हीट पंप वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता परत वापरतो, म्हणून दोनच्या आसपास युनिटांत भागतं. आठवड्याला तीन वेळा यंत्र लावलं आणि दर वेळी तीन युनिट वाचले, तर वर्षाला सुमारे साडेचारशे युनिट होतात. युनिटला २७ पेन्स धरले तर १२० पौंड. महाग यंत्राची जादा किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होते.

स्वित्झर्लंडने २०१२ पासून फक्त अशाच कमी वीज खाणाऱ्या ड्रायरना परवानगी दिली, आणि युरोपियन युनियनमध्ये १ जुलै २०२५ पासूनचे नियम असे आहेत, की नवे ड्रायर हीट पंपाचेच. अर्थात तोटेही आहेत. कपडे वाळायला दोन-तीन तास लागतात, आणि कडाक्याच्या थंडीत बिनहीटरच्या गॅरेजमध्ये तो नीट चालत नाही. लेकीने हीट पंपच घेतला. बाळाची दुपटी आता रात्रीतून कोरडी होतात. भिंत पुसली, खिडकी रोज उघडते, आणि कोपरा अजून तरी पांढरा आहे.

जुना, दुसऱ्याने वापरलेला ड्रायर घेताना मात्र जपा. १९ ऑगस्ट २०१६ ला लंडनच्या शेफर्ड्स बुशमधल्या अठरा मजली इमारतीला लागलेली आग एका सदोष ड्रायरमुळेच होती. २०१९ मध्ये आगीचा धोका असलेले लाखो ड्रायर परत मागवण्यात आले. म्हणून मॉडेल नंबर तपासा, जाळीतली लव दर वेळी काढा, आणि झोपताना किंवा बाहेर जाताना यंत्र चालू ठेवू नका.

दिवाळीत आणखी एक गोष्ट. अभ्यंगस्नानानंतरचे तेलकट टॉवेल आणि चकल्या तळतानाची फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. एका धुण्यात तेल पुरतं निघत नाही. उरलेलं तेल गरम होऊन, कपड्यांचा ढीग बंद पडलेल्या यंत्रातही आपोआप पेट घेऊ शकतो. ती फडकी सरळ दोरीवर टाका. आजीची दांडी अजून कामाची आहे!