घराघरांतले अंतर : १८८८ चे हिमवादळ आणि प्रेअरीवरील शाळा

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या, जवळजवळ वृक्षहीन अशा विस्तीर्ण गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात. इंग्रजी बालसाहित्यात या प्रदेशातील वसाहतींच्या काळाला मोठी मागणी आहे. मेरी पोप ऑसबॉर्न यांच्या ‘ट्विस्टर ऑन ट्यूसडे’ या २००१ मधील पुस्तकात तर दोन भावंडे काळाच्या मागे जाऊन १८७० च्या दशकातील कॅन्ससमध्ये पोहोचतात आणि तेथील शाळकरी मुलांबरोबर वादळात सापडतात. शाळा, मुले आणि वादळ हा कथेला सोयीचा वाटणारा मेळ प्रेअरीच्या इतिहासात खरोखरच जुळून आला होता, आणि त्याचे सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे डाकोटा, नेब्रास्का आणि मिनेसोटा या भागांवर १२ जानेवारी १८८८ रोजी कोसळलेले हिमवादळ. या वादळात सुमारे २३५ माणसे मरण पावली असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो, आणि मृतांत मुलांची संख्या मोठी असल्यामुळे त्याला ‘मुलांचे हिमवादळ’ हे नाव पडले.

या हानीचे कारण वाऱ्याच्या वेगात शोधावे लागते, तितकेच ते जमिनीच्या कायद्यातही शोधावे लागते. अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ शुल्क भरणाऱ्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन मिळत असे; अट अशी की तिने पाच वर्षे त्याच जमिनीवर राहून ती कसली पाहिजे. ही जमीन सरकारला ‘मिळाली’ होती ती लाकोटा, पाँका आदी मूळ रहिवाशांना हटवून, हे येथे विसरता येत नाही. भूमापन चौकटींत झालेले असल्याने १६० एकरांचा तुकडा म्हणजे अर्धा मैल लांब व अर्धा मैल रुंद असा चौरस होई, आणि प्रत्येक कुटुंबाला आपल्याच चौरसात राहणे भाग असल्यामुळे शेजाऱ्याचे घर बहुधा अर्ध्या मैलावर जाई. गावठाणात एकत्र राहून शिवारात कसायला जाण्याची रीत येथे कायद्यातच बसत नव्हती. रशियन साम्राज्यातून आलेले जर्मनभाषक मेनोनाइट (युद्धात भाग न घेणारा एक ख्रिस्ती पंथ) मायदेशी गावे करून राहत असत. कॅन्ससमध्ये त्यांच्यापैकी काहींनी तशी गावे वसवूनही पाहिली, पण ती फार काळ टिकली नाहीत.

लाकडाच्या अभावी पहिली घरे गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या मातीचे थर कापून, त्यांच्या विटा रचून बांधली जात. जळण म्हणून वाळलेले शेण किंवा पीळ घातलेले गवत वापरले जाई. रेल्वे कंपन्या युरोपभर जाहिराती करून माणसे आणत होत्या आणि नांगर चालला की पाऊसही वाढतो, असा सोयीस्कर समज पसरवला जात होता. डाकोटाची लोकसंख्या १८८० मध्ये सुमारे १,३५,००० होती, ती दहा वर्षांत पाच लाखांच्या पुढे गेली. लोक आले तशा शाळाही आल्या. एक खोली, एक शेगडी आणि बहुधा विशीच्या आतबाहेरची एकच शिक्षिका, असे त्यांचे स्वरूप होते, आणि विखुरलेल्या वस्तीमुळे मैल-दोन मैल चालत शाळेला जाणे मुलांच्या अंगवळणी पडले होते.

१२ जानेवारीची सकाळ फसवी होती. कडाक्याच्या थंडीनंतर हवा अचानक उबदार झाली, त्यामुळे घरी अडकलेली मुले शाळेत आली आणि अनेकांनी जाड कोट घातलेच नाहीत. उत्तरेकडून वेगाने सरकणारी ध्रुवीय हवा त्या उबदार हवेखाली घुसली, आणि तिची आघाडी पहाटे मोंटाना ओलांडून दुपारी पूर्व डाकोटात व शाळा सुटण्याच्या सुमारास नेब्रास्कात पोहोचली. काही ठिकाणी तीन मिनिटांत तापमान १८ अंश फॅरनहाइटने, म्हणजे १० अंश सेल्सिअसने, उतरले. बर्फाचे कण पिठासारखे बारीक होते. ते श्वासात जात, पापण्या गोठवून बंद करत, आणि त्यांच्या घर्षणाने हवेत इतकी स्थिर वीज साठे की शेगडीला हात लावताच ठिणगी उडे. पसरलेला हात दिसेनासा झाल्यावर माणूस नकळत वाऱ्याच्या दिशेने वाहवत जातो. वायव्येचा वारा मुलांना आग्नेयेकडे ढकलत राहिला, आणि घरे इतकी विरळ होती की दोन घरांच्या मधून पुढे निघून जाणे सहज शक्य होते.

डाकोटातील फ्रीमन गावाजवळ मेनोनाइट कुटुंबांतील पाच मुले शाळेतून निघाली. त्यांतले तिघे सख्खे भाऊ होते. पाचांचे मृतदेह तीन दिवसांनी, रविवारी सापडले. नेब्रास्कातील प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस या शिक्षिकेने शाळेतले जळण संपल्यावर तीन मुलांना घेऊन हाकेच्या अंतरावरील आपल्या मुक्कामाच्या घराकडे जाण्याचा प्रयत्न केला, आणि तेवढ्यातही त्या वाट चुकल्या. तिन्ही मुले गेली. रॉइस वाचल्या, पण त्यांचे पाय कापावे लागले. होल्ट काउंटीतील एटा शॅटक या तरुण शिक्षिकेने गवताच्या गंजीत तीन दिवसांहून अधिक काळ काढला, मात्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत त्यांचाही मृत्यू झाला. याउलट मिनी फ्रीमन यांनी ऑर्डजवळील शाळेचे छप्पर उडाल्यावर मुलांना सुखरूप शेतघरापर्यंत नेले. मुले वर्गात ठेवावीत की बाहेर काढावीत याचा नियम नव्हता, आणि वाचलेल्या व न वाचलेल्या शिक्षिकांच्या शहाणपणात फरक होता असे म्हणायला फारसा आधार नाही.

हवामानाचा अंदाज त्या काळी लष्कराचे सिग्नल खाते देत असे. सेंट पॉल येथील अधिकारी लेफ्टनंट थॉमस वुड्रफ यांनी शीतलहरीची सूचना तारेने धाडली होती. ती मिळताच मध्यभागी काळा चौकोन असलेला पांढरा ध्वज उभारायचा असा संकेत होता. पण तार रेल्वेच्या ठाण्यापाशी थांबे, ध्वज गावात फडके, आणि मुले असत कित्येक मैल दूर माळावर. हे काम १८९१ मध्ये लष्कराकडून काढून कृषी खात्याच्या नव्या हवामान विभागाकडे देण्यात आले.

वृत्तपत्रांनी शिक्षिकांना वीरांगना ठरवले, ‘ओमाहा बी’ने त्यांच्यासाठी निधी गोळा केला आणि फ्रीमन यांच्यावर गीतही छापले गेले. त्यांनी मुलांना दोरीने बांधून नेले ही कथा सर्वदूर पसरली, जरी दोरीबाबत आठवणींमध्ये एकवाक्यता नाही. नेब्रास्काच्या विधानभवनात १९६७ मध्ये बसवलेल्या जीन रेनल यांच्या काचचित्रात मात्र ती दोरी कायमची आली आहे. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कसह पूर्व किनाऱ्यावर आलेल्या हिमवादळाने सुमारे ४०० बळी घेतले आणि देशाचे लक्ष तिकडे वळले. वीरांगनांच्या गौरवात कायद्याची चर्चा मागे पडली, आणि आपल्याच चौरसात राहण्याची अट वादळानंतरही तशीच राहिली.