हिंगण्याची झोपडी

देऊळ आणि शाळा यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. सरकारी शाळा निघण्यापूर्वी पंतोजी देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या पडवीत मुले बसवीत आणि धुळाक्षरे गिरवून घेत. म्हणून जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी आपल्याच पुणे जिल्ह्यातील एका लहानशा शाळेचे स्मरण अस्थानी ठरू नये.

ती शाळा म्हणजे पुण्याजवळील हिंगण्याची झोपडी. तिचा एक धागा दौंड तालुक्यातील केडगावाशी जुळतो. पुढे केडगावी मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. या विवाहापायी कर्व्यांना मुरूड गावी बहिष्कार सोसावा लागला.

तरीही कर्वे डगमगले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि प्लेगच्या त्या दिवसांत, १९०० साली, माळावर एक झोपडी उभी राहिली. राहणे तेथेच, शिकणेही तेथेच. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमात शिकल्या आणि पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या.

या रोपट्याचा वटवृक्ष झाला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न किताब मिळाला. हिंगण्यास आज मोठमोठ्या इमारती आहेत. पण त्यांच्यामध्ये ती झोपडी स्मारक म्हणून जपलेली आहे. नव्या मुलींना आपले मूळ डोळ्यांनी पाहता येते.

खेड्यांनाही कर्वे विसरले नाहीत. ज्या गावांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तेथे शाळा काढण्यासाठी १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले आणि त्यासाठी लोकांकडून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या.

ग्रामस्थहो, देणगीदारहो, जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे बांधणे एवढेच नव्हे. ज्या गावात जुनी शाळाखोली अजून उभी आहे, तिचे छप्पर शाकारावे. जुने हजेरीपट, पाट्या, घंटा, देणगीदारांच्या याद्या तेथे नीट मांडून ठेवाव्यात. खर्च थोडा, राखण गावाची. कळसाला सोन्याचा मुलामा देणारे हात या कामालाही लागावेत. एकदा पडलेली भिंत नवी बांधता येते. हजेरीपटातील आजीचे नाव वाळवीने खाल्ले की ते पुन्हा लिहिता येत नाही.