पोकळ नळीचा भरवसा



आपल्या भाषेने ‘पोकळ’ या शब्दावर मोठा अन्याय केला आहे. पोकळ डौल, पोकळ आश्वासन, पोकळ पांडित्य! जे आतून रिकामे ते कुचकामाचे, असे आपण धरूनच चालतो. पण परांची बांधणारा गवंडी बांबू निवडतो तेव्हा तो या समजुतीला हसत असला पाहिजे. त्याच वजनाची आणि तेवढ्याच लांबीची भरीव काठी घ्या. ती बांबूपेक्षा फार लवकर वाकेल. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात पक्ष्यांची हाडे आणि बोरू यांची उदाहरणे देऊन हेच दाखविले. कारण सोपे आहे. काठी वाकू लागली की एका बाजूचा थर ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो आणि मधला गाभा जवळजवळ बसून राहतो. या आळशी गाभ्याचे द्रव्य काढून कडेला नेले की तेवढ्याच वजनात बळ वाढते.

निसर्गाला साधलेली ही युक्ती माणसाला लोखंडात साधायला मात्र फार काळ लागला. अडचण होती ती सांध्याची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागू लागले, तेव्हा पुरेशा नळ्या मिळेनात म्हणून जुन्या बंदुकांच्या नळ्या एकीला एक जोडून त्यांतून गॅस नेला गेला. १८२५ साली वेन्झबरी येथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस या कारागिराने लोखंडाची तापलेली पट्टी साच्यातून ओढून तिच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटविण्याच्या कृतीचे पेटंट मिळविले. नळी स्वस्त झाली. पण तिच्या अंगावर शेंड्यापासून बुडख्यापर्यंत एक जोड राहिला. आतला दाब वाढला की नळी फुटायची ती बहुधा याच रेषेवर.

हा जोडच नाहीसा करण्याचे श्रेय जर्मनीतील रेमशाइड गावच्या राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांकडे जाते. त्यांच्या घरी कानशी तयार करण्याचा धंदा होता. १८८५ साली त्यांनी पेटंट घेतले. कणकेची वळी दोन तळव्यांमध्ये घोळवावी, तसा लालबुंद पोलादाचा गज त्यांनी तिरक्या बसविलेल्या दोन रुळांमध्ये घोळविला. घोळता घोळता गजाचा गाभा आतून विसविशीत होतो, आणि समोर धरलेला अणकुचीदार दांडा त्यात शिरून सरळ पोकळी करतो. पुढे १८९० च्या सुमारास त्यांनी या जाड नळीची भिंत पातळ करण्याचीही रीत बसविली. सांध्यावाचून नळी जन्माला आली.

आता ही नळी जमिनीखाली काय करते ते पाहू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक तेलासाठी भोक पाडीत होता, तेव्हा पाणी आणि वाळू आत घुसून भोक पुन्हा पुन्हा ढासळे. त्याने लोखंडी नळ सुमारे ३२ फूट खाली, खडकापर्यंत ठोकून बसविला आणि त्याच्या आतून काम चालविले. २७ ऑगस्ट १८५९ रोजी, ६९ फुटांच्या जरा खाली त्याला तेल लागले. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. बोअर मारताना वरच्या भुसभुशीत थरात तो केसिंग घालतो, ते याच न्यायाने. खोल तेलविहिरीत अशा नळ्या दुर्बिणीच्या नळकांड्यांसारख्या एकीत एक, खाली अधिकाधिक अरुंद होत जातात. सभोवतीचा खडक बाहेरून दाबतो, तेल आणि वायू आतून रेटतात. या नळीचा धर्म एकच: हटायचे नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले, आणि १९७८ मध्ये ते समुद्रतळावरच्या पोलादी नळांतून उरणला येऊ लागले. ही सारी कथा या न हटणाऱ्या नळ्यांचीच आहे.

मोटारीच्या दारात मात्र नळीचा धर्म उलटतो. समोरून टक्कर झाली तर चुरडून जायला पुढचा हातभर भाग असतो. बाजूने धडक बसली तर माणसाच्या आणि आघाताच्या मध्ये जेमतेम वीतभर जागा. म्हणून १९६९ च्या नमुन्यांपासून जनरल मोटर्सने दाराच्या पोटात पोलादी आडवा दांडा बसविण्यास आरंभ केला, आणि १ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत दाराच्या बळकटीचा नियम लागू झाला. पुढे अनेक कारखानदारांनी या कामी उच्च बळाच्या पोलादाची नळी पत्करली. कारण वजन थोडे, बळ मोठे. या नळीने वाकावे, पण मोडू नये; वाकता वाकता धडकेची शक्ती स्वतःत जिरवावी, एवढीच अपेक्षा असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकन नियमाची चाचणी सुट्या नळीची नव्हे. दार गाडीला लावलेले ठेवून त्याच्यावर पोलादी दंडगोल रेटतात. कारण नळी कितीही उत्तम असली, तरी तिची टोके जिथे दाराला आणि दार जिथे गाडीला जोडले आहे, तिथे कच्चेपणा असेल तर सारे व्यर्थ. मानेसमान बंधूंनी नळीच्या अंगावरचा जोड घालविला. नळी दुसऱ्या वस्तूला जिथे मिळते तो जोड कोणालाही घालविता आलेला नाही.

याची किंमत उत्तर समुद्रात मोजावी लागली. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात ‘अलेक्झांडर एल. कीलँड’ हा तरंगता मंच कामगारांचे निवासस्थान म्हणून उभा होता. त्याचे पाच पाय जाड पोलादी नळ्यांनी एकमेकांस बांधलेले होते. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी, वादळात, त्यांतली एक नळी तुटली. पाठोपाठ त्या पायाच्या इतर नळ्या तुटल्या, पाय निखळला आणि मंच उलटला. २१२ माणसांपैकी १२३ बुडाली. चौकशीत दिसले ते असे: त्या नळीला समुद्रातले ध्वनी टिपणाऱ्या उपकरणाची एक लहानशी बैठक जोडलेली होती आणि तिचे वेल्डिंग सदोष होते. तिथूनच तडा सुरू झाला व लाटांच्या रोजच्या हेलकाव्यांनी वाढत गेला. तड्याच्या पोटात रंग सापडला. म्हणजे मंच बांधला जात असताना, रंगाचा कुंचला फिरला तेव्हाही तडा तिथे होता आणि कोणी पाहिला नव्हता! मुख्य वजन पेलणारा सांधा सर्वांनी तपासला असेल. किरकोळ बैठकीकडे कोण पाहतो?

सभ्य गृहस्थहो, विहिरीतली नळी आपल्याला दिसत नाही, दारातलीही दिसत नाही. आपण तिच्यावर डोळे मिटून विसंबतो. म्हणून ती पाहण्याचे काम कोणाला तरी सोपवावे लागते. आपल्या देशात बाजूच्या धडकेची चाचणी नव्या नमुन्यांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मोटारींना ऑक्टोबर २०१९ पासून आवश्यक झाली. अमेरिकेच्या त्या पहिल्या नियमानंतर चार दशकांहून अधिक काळाने. वाहनांची ही मानके ठरविणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे आहे. मोटार घेताना आपण रंग विचारतो, मैल विचारतो. दाराच्या आत काय आहे आणि ते कसे तपासले, हेही विचारावे. पोकळीत बळ आहे हे बांबूने आपल्याला केव्हाच शिकविले. त्या बळावर विसंबण्यापूर्वी सांधा पाहावा, हे मात्र आपल्याला १२३ माणसांच्या मरणाने शिकविले आहे.