मोटरसायकलवरील स्टिकर उतरवणे

मोटरसायकलवरील स्टिकर उतरवणे : दुचाकीच्या टाकीवर, साइड पॅनेलवर, डूमवर किंवा मडगार्डवर चिकटवलेले स्टिकर खालच्या रंगाला ओरखडा, डाग किंवा पोपडा न येऊ देता काढण्याची कृती. जुनी गाडी घेतल्यावर आधीच्या मालकाचे आडनाव, गावाचे नाव, मंडळाचा शिक्का काढायचा असतो; कधी कंपनीचेच ग्राफिक्स उन्हाने तडकून अर्धे उडालेले असतात. काम अवघड नाही. रंग बिघडतो तो बहुधा ब्लेड, थिनर आणि घाई या तिघांमुळे.

पोलादी टाकीवर कारखान्यात आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. हे सगळे मिळून जाडी साधारण 0.1 मिलिमीटर भरते. त्यातला लॅकर 30 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ. ब्लेडची एक चूकही तो आरपार कापते. काही साध्या एकरंगी गाड्यांवर लॅकर नसतोच. लपलेल्या जागी थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर वर लॅकर नाही असे समजावे आणि हात अधिकच हलका ठेवावा.

हात घालण्यापूर्वी स्टिकर लॅकरच्या वर आहे की खाली, हे ठरवावे लागते. कडेवरून नख आडवे फिरवले की कळते. नख अडले तर स्टिकर वर आहे आणि तो निघेल. कड अजिबात जाणवली नाही, तर कंपनीने स्टिकर लावून त्यावर लॅकर मारलेला असतो. तो काढायचा म्हणजे लॅकर पॉलिश पेपरने घासून काढणे आणि तो भाग पुन्हा रंगवणे; घरी करण्याचे हे काम नव्हे. तिसरी शक्यता रंगाचीच. बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेषा चेन्नईच्या कारखान्यात वर्षानुवर्षे ब्रशने, हाताने ओढल्या गेल्या. त्यांना स्टिकर समजून नख लावू नये.

बहुतेक स्टिकर मऊ केलेल्या पीव्हीसीचे, म्हणजे व्हिनाइलचे असतात. हे मऊ पीव्हीसी वॉल्डो सेमन याने 1926 मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत तयार केले. तो शोधत होता रबर धातूला चिकटवणारा पदार्थ. हाती आले ते न चिकटणारे पण लवचीक प्लास्टिक. दाबून चिकटणाऱ्या लेबलांचा धंदा स्टॅन्टन एव्हरी याने 1935 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केला. या दोन गोष्टी पुढे एकत्र आल्या आणि आजचा स्टिकर झाला. व्हिनाइलला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य उन्हात हळूहळू निघून जाते, काही खालच्या गोंदात मुरते. त्यामुळे जुना स्टिकर वरून पापडासारखा कडक आणि खालून चिकट, असा दुहेरी त्रास देतो. स्वस्त व्हिनाइल आकसतेही. कडेभोवती धूळ धरलेली काळी रेघ दिसते ती त्यामुळे.

उपाय म्हणजे ऊब. गोंद मऊ होण्यास 50 ते 60 अंश सेल्सिअस पुरेसे असतात. साइड पॅनेल, डूम आणि मडगार्ड यांवर घरातील हेअर ड्रायर चालतो. तो एका जागी न धरता फिरवत ठेवावा. हीट गनच्या तोंडाशी हवा 300 ते 600 अंशांची असते, तर पॅनेलचे एबीएस प्लास्टिक 100 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. पॅनेल एकदा वाकले की वाकलेच. म्हणून हे हत्यार सवय असलेल्या हातातच शोभते. विदर्भात, खानदेशात मे महिन्याची दुपार हेच काम फुकट करून देते. त्याच गाडीवरचा स्टिकर डिसेंबरच्या सकाळी काढायला घ्यावा, तर त्याचे तुकडे हाती येतात.

टाकीची गोष्ट वेगळी. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेते, आणि हेअर ड्रायरमध्ये तापलेली तार व ठिणग्या उडवणारी मोटर दोन्ही असतात. टाकी रिकामी केली की धोका संपला, हा समज तर उलटाच आहे. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त धोकादायक. टाकीवर गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल किंवा कंबर शेकायची रबरी पिशवी ठेवावी. दोन-तीन मिनिटांत स्टिकर ऊब धरतो. टाकीचे झाकण घट्ट, इंजिन गार आणि जागा मोकळ्या हवेची असावी.

ऊब धरली की एक कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचलावा. स्टेनलेसचा चमचा, कटर, सुरी यांना हातही लावू नये. सुटलेली पट्टी मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ टेकती ठेवून, सावकाश ओढावी. हा गोंद सावकाश ओढल्यास घट्ट द्रवासारखा सुटत जातो, पण झटका दिल्यास घन पदार्थासारखा अडतो; मग एक तर पट्टी तुटते नाही तर खालचा रंग उचलला जातो. पट्टी सरळ वर ओढली तरी सगळा जोर रंगाला उचलण्याकडेच जातो. पट्टी ताणली जाऊ लागली की थांबून पुन्हा शेकावे.

रात्री दिव्यात चमकणारे रेडियम सर्वांत त्रासाचे. ते थराथरांचे असते. वरचा पापुद्रा निघून येतो आणि काचेच्या बारीक मण्यांचा राखाडी थर खालीच राहतो. तो कोरड्या फडक्याने घासला, तर तेच मणी लॅकरवर ओरखडे काढतात. आधी पुढे सांगितलेल्या द्रावणाने भिजवून तो ओलाच सरकवावा.

राहिलेल्या चिकट्यासाठी सौम्य उपायापासून सुरुवात करावी. खोबरेल किंवा कोणतेही खाद्यतेल दहा मिनिटे लावून ठेवले, तर रबरी गोंद बऱ्यापैकी सुटतो. ॲक्रिलिक गोंदाला निलगिरी तेल, डब्ल्यूडी-40 किंवा पेंटच्या दुकानातील मिनरल टर्पेंटाइन लागते. पूर्वी या कामाला रॉकेल वापरत. ते आता सहज मिळत नाही. द्रावण फडक्यावर घ्यावे, गाडीवर ओतू नये. आधी सीटखालच्या झाकलेल्या जागी लावून पाहावे आणि पॅनेल गार झाल्यावरच वापरावे. शेवटी भांडी घासायच्या लिक्विडच्या पाण्याने धुवावे. तेलाचा अंश राहिला, तर नवा स्टिकर धरत नाही.

पेंटरकडचा एनसी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल हे तीन पदार्थ या कामातून बाद समजावेत. थिनरने रंग मऊ पडून सुरकुततो, रिमूव्हरमधले ॲसिटोन एबीएस प्लास्टिकच विरघळवते, आणि पेट्रोलने लॅकर मळकट होतो, शिवाय आगीची भीती. स्वयंपाकघरातील हिरवी घासणीही नको. तिच्यात घर्षणासाठी कठीण कण घातलेले असतात.

सगळे नीट केले तरी स्टिकरची सावली मागे राहू शकते. भोवतालचा रंग उन्हाने फिकट झालेला आणि झाकलेला भाग नव्यासारखा गडद, असे ते दृश्य असते. लाल गाड्यांवर हे फार दिसते. हा डाग नाही, तेव्हा घासून जात नाही. रबिंग कंपाऊंड आणि नंतर पॉलिश लावल्यास भोवतालचा मळकट थर निघून फरक कमी होतो. पण प्रत्येक घासणीत लॅकरही झिजतो, म्हणून हे एकदाच करावे. मॅट रंगावर मात्र कंपाऊंड, पॉलिश आणि वॅक्स तिन्ही वर्ज्य. घासलेली जागा चकाकू लागते आणि ती चकाकी परत जात नाही. सावली फारच खुपत असेल, तर त्याच आकाराचा दुसरा स्टिकर लावणे हा कमीपणाचा नव्हे, शहाणपणाचा मार्ग आहे.

खरी कसोटी लागते ती पुन्हा रंगवलेल्या गाडीवर. घाईने मारलेला रंग धातूला नीट धरलेला नसतो आणि स्टिकरबरोबर त्याचा पोपडाच निघून येतो. ही तक्रार मोटारींच्या रंगकामाइतकी जुनी आहे. 1920च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची हौस होती आणि रंगारी दोन रंगांची सीमा आखायला जी चिकटपट्टी वापरत, ती काढताना ताजा रंगच उखडे. थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्र्यू सेंट पॉल शहरातील गॅरेजमध्ये सॅंडपेपर तपासायला जाई. तिथे त्याने हे पाहिले आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. पुट्टी भरलेल्या, अपघातात ठोकलेल्या किंवा रंगाचे फुगे आलेल्या भागावर स्टिकर असेल, तर तो काढण्याआधी पेंटरला दाखवावे. मेटॅलिक रंगाचा एक तुकडा रंगवून बाकीच्या गाडीशी जुळवणे कठीण असते. अनेकदा पूर्ण टाकीच रंगवावी लागते, आणि तो खर्च स्टिकर खपवून घेण्यापेक्षा बराच जास्त असतो.

टायरमधील हवेचा दाब, चेनचा ताण यांची माहिती देणारी कंपनीची लेबले कुरूप दिसली तरी राहू द्यावीत. एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवरील होलोग्राम आणि चमकणारा थर काढण्यासाठी नसतो. तो खरवडला गेला तर प्लेट नवी घ्यावी लागते.